एका पाकळीचा रस्ता

आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, सरकारी रस्त्यांच्या कचेरीत ट्रेसर होते. इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेला नकाशा टेबलावर टाचायचा, त्यावर ट्रेसिंग पेपर पसरायचा आणि खालची प्रत्येक रेघ काळ्या शाईनं वर उतरवायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. रेघ ओढताना ते श्वास रोखून धरत. लहानपणी मी कचेरीत त्यांचा डबा घेऊन जायचे तेव्हा दारातच थांबायचे. मध्येच कुणी बोललं तर ते रागवत नसत, नुसते बघत, आणि त्यापेक्षा चार शब्द बोलले असते तर बरं, असं मला वाटायचं. नगर-मनमाड रस्त्याची कितीतरी वळणं त्यांच्या हाताखालून गेली होती. पण त्यांतलं एकही त्यांचं नव्हतं. वळण कुठं द्यायचं ते ठरवणारे वेगळे होते, तात्या फक्त गिरवत.

साल अठ्ठ्याण्णव असेल. तात्यांच्या कचेरीत कॉम्प्युटर आला. तो काचेच्या केबिनमध्ये प्लॅस्टिकचं कव्हर घालून ठेवला होता आणि त्याला हात लावायची कुणालाच परवानगी नव्हती. पाठोपाठ बातमी आली की आता नकाशे त्याच्यावरच निघणार. दिवाळीनंतर एक साहेब येऊन सगळ्या ट्रेसरांची परीक्षा घेणार होते. माऊस धरून सांगितलेली आकृती काढून दाखवायची. ज्याला जमेल त्याला पुढचं ट्रेनिंग, ज्याला जमणार नाही त्याची बदली आवक-जावकच्या टेबलावर. तिथं आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा आणि नंबर टाकायचा. तात्यांच्या निवृत्तीला चार वर्षं होती. हे सगळं त्यांनी जेवताना सांगितलं आणि भाकरीचा तुकडा हातातच धरून बसले.

"मंग तुमची पोरगी काय पाट्या टाकती का तिथं?" आई म्हणाली. "जगाला शिकवती, बापाला शिकवल."

मी राहात्यात एका कॉम्प्युटर क्लासवर शिकवत होते. खतांच्या दुकानावरची खोली, चार कॉम्प्युटर, दाराबाहेर चपलांचा ढीग. वय माझं बावीस आणि तोंड फटकळ. एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली की माझा आवाज चढायचा. विद्यार्थी माघारी मला हेडमास्तरीण म्हणत, आणि मला ते आवडायचंसुद्धा. क्लासच्या मालकांनी रविवारी दुपारी खोली वापरायला होकार दिला. सकाळी विहारात वंदना आटोपली की घरी जेवून मी आणि तात्या सायकलवर निघायचो, ते चालवणार आणि मी मागे.

नकाशे काढायचं सॉफ्टवेअर आमच्या क्लासमध्ये नव्हतं. पण तिसऱ्या नंबरच्या कॉम्प्युटरवर मालकांच्या भाच्यानं शहर वसवायचा एक गेम टाकून ठेवला होता. मोकळी जमीन मिळते, त्यावर घरं, कारखाने, वीज, पाणी आणि रस्ते टाकायचे. रस्ते चुकले की गाड्या अडतात, तिथं लाल ठिपके साठतात आणि लोक शहर सोडून जातात. हात बसायला हा बरा, असा मी विचार केला.

पहिले दोन रविवार वाया गेले. तीस वर्षांची सवय, त्यामुळे रेघ संपली की तात्या पेन उचलावं तसा माऊस टेबलावरून उचलत आणि हवेतच बटण दाबत. कागदाला तळहाताचा घाम लागू नये म्हणून मनगटाखाली रुमाल ठेवायची रीत होती, तो त्यांनी इथंही ठेवला. माऊसच्या पोटातल्या गोळीला त्या रुमालाची लव गुंडाळली गेली आणि बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला. मी गोळी काढून पुसली, रुमाल खिशात घालायला लावला. पुढच्या रविवारी रुमाल परत मनगटाखाली.

"तात्या, किती वेळा सांगू?"

"सांग की. तुला पाढे शिकवताना मी मोजलं व्हतं व्हय?"

तिसऱ्या रविवारी मात्र त्यांना त्या गेममध्ये काहीतरी दिसलं. हमरस्ता टाकायच्या बटणाशेजारी इंटरचेंजचे तुकडे होते. एका रस्त्यावरची गाडी न थांबता, कुणाला आडवी न जाता दुसऱ्या रस्त्यावर नेणारे पूल, चढ, उतार आणि गोल वळणं. तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याला नाक लावून ते बघितलं. तरुणपणी त्यांनी एका इंजिनिअरच्या जाड पुस्तकातलं असं एक चित्र हौसेनं गिरवून घेतलं होतं. त्यातल्या गोल वळणाला ते पाकळी म्हणत. आपल्या सबंध जिल्ह्यात अशी एकही पाकळी नाही, हे त्यांनी मला असं सांगितलं की जणू घरातलंच काही कमी आहे.

"हितं कुणाला इचारायचं? मंजुरी कुणाची?" त्यांनी विचारलं.

"कुणाची नाही. तुम्ही ठरवायचं."

त्यांना ते खरं वाटलं नाही. दोनदा विचारून खात्री करून घेतली.

मग आठवडाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. त्यांनी गेममध्ये साखर कारखाना एका बाजूला ठेवला होता आणि कारखान्याचा रस्ता येऊन हमरस्त्याला मधोमध मिळत होता. तिथं त्यांना एका पाकळीचं इंटरचेंज करायचं होतं. रोज संध्याकाळी ते ओट्यावर पाट टाकून ट्रेसिंग पेपरवर ते आखत. उसाचे दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर वळताना मागचा ट्रेलर आत किती कापतो, हे त्यांनी आयुष्यभर नुसतं पाहिलं होतं, आता त्याचा उपयोग झाला. पाकळी मोठी केली. चढ लांबवला. आई म्हणायची, "त्या खेळात ऊस न्हाई का ट्रॅक्टर न्हाई, कुनासाटी एवढं?" तात्या म्हणायचे, "उद्या आला म्हंजी?"

रविवारी त्यांनी तो कागद पडद्याशेजारी टेकवून ठेवला आणि तुकडा तुकडा करत इंटरचेंज उभं केलं. हात पुष्कळच सुधारला होता. माऊस आता उचलत नव्हते. दोन तास लागले. मी गेमचं घड्याळ सुरू केलं आणि आम्ही दोघं बघत बसलो.

एकही गाडी चढली नाही. हमरस्त्यावरच्या गाड्या पाकळीजवळून सरळ निघून गेल्या आणि कारखान्याच्या रस्त्यावर लाल ठिपक्यांची रांग लागली. तात्यांनी कागद बघितला, पडदा बघितला, एक तुकडा काढून परत तिथंच टाकला. परत रांग. तिसऱ्यांदा परत. मला त्या दिवशी घरी जाऊन उद्याच्या बॅचची तयारी करायची होती, डोकं दुखत होतं, आणि ही सगळी कारणं आज लिहिताना मला खोटी वाटतात. मी म्हणाले, "सोडा तात्या. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्याचं गिरवलंत. स्वतःचं काढायचं तुमच्याकडून व्हायचं नाही."

 तात्यांनी कागदाची नीट गुंडाळी केली, तिला दोरा बांधला आणि चपला घालायला बाहेर गेले. परत येताना मी सायकलवर मागे बसून त्यांच्या सदऱ्याची पाठ बघत होते. चढ आला की मी उतरायचे, त्या दिवशी ते उतर म्हणालेच नाहीत, तसेच दम लागेपर्यंत मारत राहिले.

सोमवारी सकाळी क्लासमध्ये कुणी यायच्या आत मी तो गेम उघडला. खरं तर चूक त्यांचीच आहे हे मला स्वतःला पटवायचं होतं. एक गाडी धरून मी तिच्यावर नजर ठेवली. ती हमरस्त्यावरून निघाली, आणि मला दिसलं की ती रस्त्याच्या उजव्या अंगानं चालली आहे. दुसरी बघितली, तीही तशीच. गेम परदेशातला. त्यांच्याकडं गाड्या उजवीकडून चालतात. तात्यांनी पाकळी, चढ, उतार सगळं आपल्या डावीकडून चालणाऱ्या गाड्यांसाठी बसवलं होतं. आपल्या रस्त्यावर ते तंतोतंत चाललं असतं. तीन आठवडे मी त्या पडद्यासमोर बसत होते, शिकवणारी मी होते, आणि हे मला दिसलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की पहिल्या बॅचच्या पोरांनी काय विचारलं आणि मी काय सांगितलं ते काही आठवत नाही.

संध्याकाळी तात्या ओट्यावर बसले होते. पाट भिंतीला टेकून ठेवलेला. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. "तुमचं बरोबर होतं. माझंच चुकलं. बोलायला नको होतं मी तसं."

बोलण्याचं राहू दे अशा अर्थी त्यांनी हात हलवला. त्यांचं लक्ष गाड्यांकडं होतं. "उजवीकडून? समद्या?"

"सगळ्या."

ते आत गेले, गुंडाळी घेऊन आले, दोरा सोडला आणि कागद पालथा करून माझ्यापुढं धरला. ट्रेसिंग पेपर पारदर्शक, त्यावरच्या रेघा मागूनही दिसतात, फक्त उलट्या. कारखान्याचा रस्ता मधोमध होता, तो जागच्या जागी राहिला. पाकळी तेवढी डावीकडून उजवीकडे गेली.

"हे बग. झालं," ते म्हणाले. "एवढ्यासाटी रडती व्हय?"

मी रडत होते हे मला त्यांच्याकडून कळलं.

पुढच्या रविवारी कागद पालथा टेकवला आणि तासाभरात इंटरचेंज झालं. पहिली गाडी चढाला लागली, पाकळीत वळली आणि हमरस्त्यावर मिसळली. तिच्यामागं दुसरी. रांग हळूहळू विरली. लाईट जाईपर्यंत तात्या हाताची घडी घालून त्या गाड्या बघत होते. मध्येच मला म्हणाले, "कुनी थांबंना बग." त्यानंतर त्यांनी दोन पाकळ्यांचं केलं, कालव्यावरून जाणारं केलं, आणि दिवाळीपर्यंत चार पाकळ्यांचं. रुमाल मनगटाखाली ठेवायचे, पण माऊसपासून चार बोटं दूर. त्यांची परीक्षा सहज निघून जाईल याची मला खात्री झाली होती आणि मी तसं आईला सांगूनही टाकलं होतं.

दिवाळीनंतर साहेब आले. त्या दिवशी तात्या इस्त्रीचा सदरा घालून गेले आणि नेहमीच्या वेळेला परत आले. हातपाय धुतले, चहा घेतला. आईनं विचारलं, कसं झालं? ते म्हणाले, झालं. 

रविवारी क्लासमध्ये मी कॉम्प्युटर चालू केला तेव्हा ते उभेच राहिले.

"बसवलंच न्हाई गं मला," ते म्हणाले. "पंचेचाळीसच्या वर वय आसंल त्याचं नावच यादीत न्हाई घेतलं. आल्या आल्या सांगितलं. सोमवारपासनं आवक-जावक."

 मी साहेबाला, यादीला, त्या काचेच्या केबिनला मनातल्या मनात शिव्या घातल्या. तात्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"बसवलं आसतं, तर जमलं आसतं का मला? तू खरं सांग. लेक म्हनून नको सांगू."

जमलं असतं, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नसतं, आणि माझंही. मी म्हणाले, "बसा. परीक्षा घेते."

मी पडद्यावर नवी कोरी जमीन उघडली. कागदावर प्रश्न लिहून दिला: दोन हमरस्ते, मध्ये कालवा, चारी दिशांना वाट, कुठंही गाडी थांबता कामा नये. वेळ एक तास. भिंतीवरचं घड्याळ दाखवलं आणि दुसऱ्या टोकाच्या कॉम्प्युटरपाशी जाऊन पाठमोरी बसले. इतर विद्यार्थ्यांची परीक्षा घेताना जे करायचे ते सगळं केलं. मध्ये एकदा त्यांनी घसा खाकरला, तरी मी वळले नाही. माऊसचा आवाज येत होता आणि तो थांबला की मला कळायचं, श्वास रोखलाय.

सहा मिनिटं राखून ते म्हणाले, "झालं."

मी गाड्या सोडल्या आणि बराच वेळ बघितलं. मग कागदावर लाल पेननं ब्याण्णव लिहिलं, खाली सही केली आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तो आकडा वाचला. चष्मा काढला, परत घातला, परत वाचला. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायची त्यांनी काही खटपट केली नाही.

"आठ कुठं गेले?" त्यांनी विचारलं.

मी जागा दाखवली. कालव्याच्या पलीकडं, जिथं उतार हमरस्त्याला मिळत होता, तिथं दोन लाल ठिपके अडून होते. उतार थोडा आखूड पडला होता. तात्या वाकून ते बघत राहिले.

"बरोबर कापलेस," ते म्हणाले आणि खुर्ची पुढं ओढली. "परत बसतो. वेळ लाव."