मोजेसदादाची तिसरी माफी

रंगूनच्या धक्क्यावर अधिकाऱ्याने माझ्या हातातल्या बांगड्या उतरवून घेतल्या आणि मी त्याला "थँक्यू सर" म्हणाले. सोळा वर्षांची, दोन वेण्या. अक्कल दोन्ही वेण्यांत मिळून शून्य. आम्हा हिंदुस्थानी लोकांना तेव्हा नव्या लष्करी राजवटीत तो देश सोडावा लागत होता. बाबा आदल्या वर्षीच वारले होते. बोटीवर चढताना मी रडत वळले, तर आई म्हणाली, "मागं काय बघतेस? चप्पल सांभाळ."

चप्पल सांभाळत सिंगापूरला उतरले. इथे माझा आतेभाऊ मोजेसदादा, बंदराजवळ दुकान मांडून जहाजांना कांदे-बटाटे, दोरखंड, साबण पुरवायचा. मला वाटलं, आपलाच माणूस, बेने इस्राएल, आपल्यासारखाच कोकणातला ज्यू, शनिवारी काम न करता शब्बाथ पाळणारा. शब्बाथ तो पाळायचाच. घरी बसून. दुकानात मला बसवायचा. आई भीत भीत म्हणाली, "मोजेस, पोरीला शनिवार तरी दे रे." तो म्हणाला, "मामी, निर्वासितांना शनिवार नसतो."

मी काय केलं? मान खाली घालून त्याचे कांदे निवडले. चार वर्षं! वर त्याच्या वाढदिवसाला रुमालावर फूल भरून दिलं. ती पोरगी आज भेटली, तर आधी एक ठेवून देईन.

आई गेली ती शनिवारीच. मी दुकानात होते.

सुतकाचे सात दिवस संपले आणि मी एका हातगाडीवर स्वतःचा धंदा काढला. शनिवारी बंद, रविवारी चालू. जहाजांना कुठला रविवार? बाकीच्यांची दारं बंद, की कॅप्टन माझ्याकडे. दादाची गिऱ्हाइकं मी एकेक करून उचलली आणि मला झोप फार छान लागायची. पुढे हार्बरफ्रंटला ऑफिस झालं, आणि सरकारने बंदरातल्या परवान्यांच्या समितीवर नेमलं. एकदा समोर अर्ज घेऊन खुद्द दादाच! नातेवाइकाचा अर्ज असेल तर बैठकीत बसायचं नाही, असा नियम. मी उठले, पण खुर्ची अशी करकर ओढली, की ती कोणाची ते त्याला नीट कळावं.

इस्राएलातल्या अश्दोदच्या, ठाण्याच्या दूरच्या भावंडांनो, माझ्या आईला तुम्ही कधी पाहिलंही नाही, आणि फोनवर म्हणता, "आता सोड ना, शोशी." ऐका तर.

आपल्या दारफळणीच्या सणाआधी, उपास धरून दारं लावून घेण्याआधी, ज्याचं वाईट केलं त्याची माफी मागायची असते. तीनदा मागूनही समोरच्याने दिली नाही, तर पाप त्या न देणाऱ्याच्या डोक्यावर. दादाने गेली दोन वर्षं दोनदा मागितली. दोनदा मी "नाही" म्हणाले. यंदाची तिसरी.

पाया लेबारहून एमआरटीच्या गाड्या बदलत, काठी टेकत तो चोआ चू कांगला माझ्या लेकीच्या फ्लॅटवर आला. मी आतून बघत उभी. नात ओरडली, "आजी, डोअर उघड लाह! अंकल सो ओल्ड ओरेडी!"

उघडलं.

"शोशी, मी तुझी..."

"आधी जेव."

नारळाच्या दुधातलं कोंबडीचं कालवण, गरम पोळ्या. त्याने तोंड उघडलं, की मी वाढायची.

"अगं, मला बोलू तरी दे!"

"उपासाआधी रिकाम्या पोटी बोलू नये. घे अजून."

ऊन उतरलं, उपासाची वेळ जवळ आली, जावयाने टॅक्सी बोलावली. लिफ्टपाशी दादा म्हणाला, "तू मुद्दाम करतेस."

"मग काय?"

"पुढच्या वर्षी मी असेन का गं?"

"असावंच लागेल. काम अर्धं राहिलंय तुझं."

लिफ्टचं दार मिटलं. नात माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

तिला कसं सांगू? रंगूनचं घर कधीच दुसऱ्यांचं झालं. पूर्वजांचं अलिबाग मी पाहिलंही नाही. आणि माझ्या आईचा आवाज ऐकलेला, तिला "मामी" म्हणणारा, जगात हा एकच माणूस उरलाय. माझं घर वर्षातून एकदा जेवायला येतं. माफ केलं, तर ते परत कशाला येईल?