कमलताईंची मैत्रीण

कमल गेली, हे मला नगरपालिकेच्या देसलेसाहेबांनी फोन करून सांगितलं. वर हळूच म्हणाले, ‘बरेच महिने आजारी होत्या, तुम्हाला ठाऊकच असेल.’ मला ठाऊक नव्हतं. मोरिवलीत आमच्या दोघींच्या घरांची भिंत एक, वस्तीतल्या बुद्धविहारात महिला मंडळ काढलं ते दोघींनी मिळून. आणि दुखणं मात्र तिनं सांगितलं एका सरकारी माणसाला... आता रडू ओसरलंय, पण ते काही मनातून जात नाही.

दोन हजार सालाच्या आसपास आमच्या वस्तीतल्या संडासाला धड दारं नव्हती. बायका अंधार पडायची वाट बघायच्या. अशात नगरपालिकेनं ठरवलं, नवा संडास आम्ही बांधतो, चालवायला एखाद्या संस्थेनं घ्यावा. मी शिक्षिका, म्हणून बोलायचं मी. देसलेसाहेब विहारात आले, मी पाठ केलेले आभार सुरू केले, तर कमल मध्येच म्हणाली, ‘चालवू की साहेब. पण नकाशा आम्हाला विचारून काढा. आणि दर महिन्याची मीटिंग इथंच, तुमच्या ऑफिसात नाय.’ मला वाटलं, झालं, हातचं गेलं. पण साहेब कबूल झाले. त्या दिवसापासून मी वस्तीत ‘कमलताईंची मैत्रीण’ झाले.

पुढे काही वर्षं देसलेसाहेबांच्या जागी दुसरे साहेब आले. संडास एका ठेकेदाराला द्यायचं घाटत होतं, म्हणून संडासाला कुलूप लागलं. मी म्हणाले, निवेदन देऊ. कमलनं आनंदनगरच्या कंपन्यांत जाणाऱ्या बायकांना एक दिवस खाडा करायला लावला आणि सगळ्यांना घेऊन नगरपालिका गाठली. घोषणा नाहीत, काही नाही. नव्या साहेबांना एवढंच विचारलं, ‘लेडीज संडास कुठाय? आमच्याला तुम्ही कुलूप लावलंय, म्हणून इथं आलो.’ रांग जिन्याखाली गेली. संध्याकाळच्या आत कुलूप निघालं. मीही त्या रांगेत होते, सगळ्यांबरोबर हसतही होते, आणि आतून जळत होते. हे मला का नाही सुचलं?

शोकसभेत जो तो ‘माझी कमलताई’ म्हणत होता. मला तेही सहन होईना. शेवटी मी देसलेसाहेबांना गाठून विचारलंच, तुम्हालाच का सांगितलं तिनं? ते म्हणाले, ‘करारावर मंडळातर्फे त्यांचं एकट्यांचं नाव होतं, ते बदलून घ्यायचं होतं, म्हणून सांगावं लागलं. तुम्हाला कळलं तर तुम्ही त्यांना घराबाहेर पडू देणार नाही, म्हणत होत्या.’ खरंच नसतं पडू दिलं. पण माझ्यासाठी ती घरात बसली असती का, हे मला आता कधीच कळणार नाही...

परवाच्या मीटिंगला देसलेसाहेबांनी विचारलं, बालवाडीही मंडळ चालवेल का? मी म्हटलं, घेऊया. मंडळातल्या शेवंताबाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, ‘कमलताई काय म्हणाली असती वो?’ मी म्हणाले, ‘आधी खोली दाखवा, पोरं मावतील तर बोलू.’ सगळ्यांच्या माना हलल्या. साहेबांनी खोली दाखवायचं मान्य केलं.

ते कमलचं नव्हतं. मला तिथंच सुचलं होतं. चपला घालताना शेवंताबाई दुसरीला म्हणाल्या, ‘बघ, कमलताईच बोलली.’