जगनकाकांचा अंदाज

जगनकाका रस्त्यावर वाहनाकडे बघत नसत, चालवणाऱ्याच्या खांद्याकडे बघत. "वळायचा दिवा खोटा दावतो, बाय. खांदा खोटा नाय दावत," असं म्हणायचे. ते दांडीचे, बोईसर स्टेशन ते दांडी रिक्षा चालवत. मी पालघरच्या एका महाविद्यालयात शिकवते. बोईसरच्या बेशिस्त रहदारीत कोण कधी काय करील, याचा अंदाज न्यूरल नेटवर्कला शिकवायचं काम मी घेतलं होतं, आणि मला स्वतःला तो रस्ता कळत नव्हता. म्हणून त्यांच्याकडे गेले.

दर रविवारी ते प्रयोगशाळेत येत. बेटेगावजवळची चित्रफीत मी मध्येच थांबवायची आणि विचारायचं, "आता?" ते लगेच सांगत, "टँकरवाला दबणार नाय. मोटारसायकल मदी घुसणार, त्याची शिफ्ट चुकतेय." त्यांचं उत्तर आणि त्याला लागलेला वेळ, दोन्ही नोंदलं जाई, यंत्र त्यावरून शिके. यंत्र चुकलं की काका खूश. "तुज्या पोराला इतक्यात लायसन देऊ नको!"

पुढे यंत्र त्यांच्या आधी उत्तर देऊ लागलं. मी पेढे वाटले. "जिंकला बाय तुजा पोर," म्हणत काकांनीही एक खाल्ला. दोघांच्या वेळांचा आलेख मी सगळ्यांना दाखवत सुटले. दोन महिन्यांनी जुन्या नोंदी शेजारी ठेवल्या, तेव्हा कळलं की यंत्राचा वेग होता तेवढाच होता. काका मंदावले होते. उजवीकडून येणारी वाहनं तर ते सांगतच नव्हते.

त्यांना मी हे सांगितलं.

"कवापासून?"

"दोन महिने झाले असतील."

"दोन मयने मी शाळेची पोरं नेतोय, बाय," ते हळूच म्हणाले. "आन् तू पेढे वाटलेस?"

रिक्षा त्यांनी आमच्या आवारातच सोडली आणि एसटीने गेले. पुन्हा कधी चालवली नाही. मेंदूत गाठ निघाली, उजवीकडचं दिसणं तिनेच नेलं होतं.

शेवटचं भेटायला गेले, तेव्हा दांडीच्या त्यांच्या घरी मी खाटेशी त्यांच्या उजव्या बाजूला बसले. माझ्या लक्षातून एवढंही सुटलं. काका दाराकडे बघत होते. मुलीला म्हणाले, "मास्तरीण बाय येणार व्हती ना? वाटेत गर्दी असंल. सावकाश येऊ दे."

मी उठून दुसऱ्या बाजूला गेले.