ओळखीची सही

पूर्वी आमच्या लातूरच्या गल्लीत कुणाला बँकेत खातं उघडायचं असलं, की ओळखीची सही किराणावाल्या अण्णांची. जळकोटहून नवी नवरी आले तेव्हा माझंही खातं त्यांच्याच सहीनं उघडलं. मला येडीला वाटलं, मॅनेजर माझ्या इरकलीवर भाळला.

यंदा अण्णांची नात नर्स होऊन जर्मनीला गेली. तिथं खात्याशिवाय पगार नाही आणि घराच्या कागदाशिवाय खातं नाही. परवा मी दुकानात असताना तिनं बँकेतूनच व्हिडिओ कॉल लावला. अण्णांनी टोपी सारखी केली, काउंटरवरच्या गोऱ्या बाईला हात जोडले.

"बाईसाहेब, पोरगी आपलीच हाय. मी जामीन."

"आज्जा, हितं तसं चालत न्हाई," नात म्हणाली.

फोन ठेवून अण्णा माझी साखर जोखू लागले. मी चिडवलं, "तुमची सही जर्मनीत चालंना की."

ते हसले नाहीत. "वहिनी, तिला वळखणारं तिथं कुणीच न्हाई हो."

तेवढ्यात दाळमिलवरचा एक बिहारी मजूर आला. घरमालक खोलीचा कागद देईना, म्हणून त्याचंही खातं अडलेलं. अण्णांनी भर गिऱ्हाइकीत शटर ओढलं आणि त्याला घेऊन घरमालकाकडं निघाले. माझी साखर तशीच तागडीत राहिली.