आप्पांनी वाढलेलं पान

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय.

जुनी चांदी जमवायचा माझा नाद बेळगावात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. आज वडगावच्या शांताआक्का एक चांदीची लगड घेऊन आल्या. दुसऱ्या महायुद्धातली म्हणे, वर जर्मन छाप. आणीबाणी उठली त्या सुमारास त्यांच्या वडिलांनी, आप्पांनी, ती निपाणीच्या बाजारात घेतलेली.

मी भिंगातून पाहिलं. खरा छाप ठोकलेला असतो, त्याच्या कडा धारदार असतात. हा लगडीबरोबरच ओतलेला होता.

"आक्का, ही खोटी आहे. युद्धातली नव्हेच, मागाहून कुणीतरी ओतलेली नक्कल."

आक्कांनी लगड पदरात घेतली. मग म्हणाल्या, "घेतल्यावर आप्पास्नी कुणीतरी सांगितलं, ही युद्धात मारलेल्या माणसांच्या घरातनं लुटलेली चांदी हाय. तवापास्नं मरंस्तवर दर सर्वपित्रीला त्या माणसांसाठी एक पान वाढायचे. म्हंजे आप्पा इतकी वर्षं कुणाला जेवू घालत हुते, अण्णा?"



माझ्या कपाटात याच छापाच्या तीन लगडी आहेत. तिन्ही खऱ्या. त्या कुणाच्या घरातल्या, हे मी कधी मनातसुद्धा आणलं नाही.

आप्पांचं पान त्या घरांतल्या माणसांनी खाल्लं असेल काय हो?