चुन्याचे दगड

नकाशा खात्यात तेहतीस वर्षं रेषा ओढून प्रमोदिनीबाई निवृत्त झाल्या आणि फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहू लागल्या. त्यांच्याकडे दूध घालणारी रामरती अरवलीतल्या बनखेडी गावची गुर्जर. पिढ्यान्‌पिढ्या त्याच डोंगरात शेळ्या चारणाऱ्या घरातली.

एक दिवस ती म्हणाली, "दीदी, लोग हमारा बन देखने आएँगे, तो खदानवाले हाथ नहीं लगाएँगे. रास्ता हम बताएँगे, आप कागज़ पर उतार दो."

बन म्हणजे गावची देवराई; तिच्यातली वाट गावच्या बायकांनीच ठरवली. चपला कुठे काढायच्या, कुठल्या झाडाची काडीसुद्धा मोडायची नाही, सगळं त्यांचंच. बाई मागून टिपत चालायच्या. पाहुण्यांना आपली आपण वाट सापडावी म्हणून वळणावळणावर चुना फासलेले दगड मांडले.

पहिली मंडळी रविवारी यायची होती. शनिवारी सकाळी दोघी शेवटची फेरी मारायला गेल्या, आणि सातव्या दगडापाशी बाई थबकल्या. वाट डावीकडे होती. दगड उजवीकडे गेला होता. पुढचा दगड झुडपांआड, बंद खाणीच्या अगदी कड्यावर. खाली हिरवं पाणी.

"कुठल्या तरी जनावरानं ढकलला असेल, अजून काय," बाई पुटपुटल्या. "बकरियों ने गिराया होगा."

रामरतीनं दगडावरून बोट फिरवलं. चुना ओला होता. "दीदी, बकरियाँ चूना नहीं लगातीं."

वरच्या रस्त्यावर जीप उभी होती. एक माणूस उतरला, हात जोडून हसला. "मैडम, सुना है नक्शा बढ़िया बना है. एक हमें भी दीजिए. कल कितने लोग आ रहे हैं?"

रामरती पुढे झाली आणि तो जाईपर्यंत हलली नाही.

"कल रहने दें?" बाईंनी विचारलं.

"कल रुके, तो रुक ही गए."

संध्याकाळपर्यंत दोघींनी एकूण एक दगड दरीत लोटला. घरी येऊन बाईंनी नकाशाच्या सगळ्या प्रती फाडल्या. मूळ कागद फाडताना मात्र त्यांना रडू फुटलं. इतका नीट नकाशा त्यांनी नोकरीतही काढला नव्हता.

रविवारी अठरा माणसं रामरतीच्या मागून एका रांगेत चालली. बाई शेवटी, सारख्या डोकी मोजत. जीप वरून सोबत सरकत होती. अठराच्या अठरा सुखरूप परतली.

याला चार वर्षं झाली. वाट आता रामरती धरून फक्त पाच बायकांना ठाऊक आहे, त्याच मंडळींना घेऊन जातात; कागदावर ती कुठेही नाही. गेल्या पौषात चालता चालता समोरच्या डोंगराआडून सुरुंगाचा आवाज आला, पायाखालची माती हादरली. मंडळी गोंधळून उभी राहिली.

रामरतीनं मागे वळून पाहिलं नाही. "पास-पास चलो," एवढंच ती म्हणाली.