अक्काची जीभ डावीकडं वळली

"सोंग हाय साब. पंचमी आली की हिची मान दुखती," सासू म्हणाली.

दिवस निजामाच्या राजवटीचे. मी अंबडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होतो. वडीगोद्रीची सरू, तिची सासू आणि सरूला पंचमीसाठी माहेरी न्यायला आलेला भाऊ सखाराम माझ्यापुढं बसले होते. माहेर कुंभार पिंपळगाव. बैलगाडीच्या धक्क्यांनी सरू किंचाळायला लागली, म्हणून वेशीतूनच सासूलाही गाडीत घेऊन गाडी दवाखान्याकडं वळवलेली.

घागरी वाहून मान अवघडली असेल, असं मलाही वाटलं. पण बोलताना तिचे शब्द घसरत होते. म्हटलं, "जीभ काढ."

तिनं पदर तोंडात धरला. सासूसमोर, त्यात परक्या पुरुषाला, जीभ काढून दाखवायची? सासूला बाहेर बसवलं, तरी तोंड उघडेना. शेवटी मी, सुटाबुटातला डॉक्टर, माझीच जीभ लांब बाहेर काढली. सरू फिसकन हसली आणि तिनंही काढली. जीभ डावीकडं वळली.

माझं हसू मावळलं. जिभेची नस कवटीच्या तळातल्या भोकातून बाहेर येते, मानेच्या वर, तिचं दुखत होतं तिथंच. नस निकामी झाली की जीभ त्या बाजूला झुकते. तिथं काहीतरी वाढत होतं, आणि तिथं वाढणारं बहुधा शरीरात दुसरीकडून पसरत आलेलं असतं. नर्सबाईंनी पडद्याआड तपासलं. स्तनात दगडासारखी गाठ होती, लाजेपायी लपवलेली.

सखारामला बाजूला नेऊन सांगितलं, कॅन्सर आहे.

"अक्का बरी व्हईल?"

"नाही. पण हैदराबादला डीप एक्स-रे देतात. फोटो काढतात त्याहून जोरदार किरण. दुखणं कमी होईल."

"मंग गाडीत बसंल?"

"बहुतेक."

"मंग नेतो. पंचमी हुकली तर हुकू द्या. अक्का येईस्तोवर झाडाला बांधलेला पंचमीचा झोका सोडनार न्हाई मी."

सासूला कळलं. गाडीत कडबा अंथरून त्यावर स्वतःची गोधडी तिनंच घातली. जालन्याहून बहीणभाऊ रेल्वेनं हैदराबादला गेले.

दिवाळीनंतर सखाराम एकटाच आला. अक्का गेल्ती.

"पर माहेरी आल्ती साब. मान न्हाई दुखली गाडीत. झोक्यावर बसली, पंचमीची गानी म्हनली, बोबडीच. आई हसली बी, रडली बी."

त्याच्या गावी जायचं मनात होतं, राहून गेलं. श्रावण आला की तो झोका एकदा पाहायला हवा होता असं अजून वाटतं, फार वाटतं.

बाकी, मान दुखते म्हणून कुणीही येवो, रिटायर होईस्तोवर मी त्याची जीभ पाहत आलो. आधी माझी काढून.